मर्यादापुरुषोत्तम

"निळा शर्ट," नाना माझ्या कानाशी पुटपुटले. "दीड मिनिट."

पालघर स्टेशनबाहेर सातपाटीच्या एसटीची वाट बघत आम्ही रांगेत उभे होतो. डहाणू लोकलनं नुकतीच माणसं ओतली होती आणि त्यातली पाव माणसं आमच्या मागे-पुढे येऊन चिकटली होती. निळा शर्ट पुढून चौथा. हातात भाजीची पिशवी, चेहरा शांत. एसटी उद्या सकाळी आली तरी हा इथंच असेल, असं वाटायला लावणारा गृहस्थ. मी नानांकडे अविश्वासानं पाहिलं. नाना घड्याळाकडे बघत होते.

दीड मिनिटानं निळ्या शर्टानं मान लांब करून रस्ता बघितला, 'च्च' केलं आणि तो शेअर रिक्षाकडे चालू लागला. नानांनी खिशातून वही काढून लिहिलं : अकरा मिनिटं वीस सेकंद, दुसऱ्या दारानं.

"तुम्हाला कळलं कसं?"

"त्यानं तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं. माणूस पहिल्यांदा घड्याळ बघतो ते वेळ बघायला. दुसऱ्यांदा बघतो ते चिडायला. आणि तिसऱ्यांदा बघतो तेव्हा त्याला वेळ दिसतच नाही, रिक्षाचं भाडं दिसतं."

मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुझी अजून चौदा मिनिटं आहेत."

नानांना गावात मर्यादापुरुषोत्तम म्हणतात. त्यांचं नाव पुरुषोत्तम नाही, आणि रामाशी साम्य शोधायचंच तर ते वनवासापुरतं. तोही चौदा वर्षांचा नाही, चांगला एकतीस वर्षांचा, तारापूरच्या एमआयडीसीत. वडील तांडेल, थोरला भाऊ तांडेल, घराच्या ओटीवरून समुद्र दिसायचा. त्या घरातून हा एकच मुलगा डबा घेऊन समुद्राकडे पाठ करून बोईसरच्या दिशेला गेला आणि रसायनांच्या एका कारखान्यात नियोजन विभागात चिकटला. बाकीचं घर भरती-ओहोटीवर चालायचं, नाना शिफ्टवर. अमावास्येला घरात जाळ्यांची गडबड आणि नाना मात्र महिनाअखेरच्या गडबडीत, असं एकाच छपराखाली दोन पंचांगांचं राज्य होतं.

मर्यादेचं वेड लागलं ते वजनकाट्यामुळे. कारखान्याच्या गेटबाहेर टँकरांची रांग लागायची. काटा एक, टँकर वीस-पंचवीस. ड्रायव्हर टँकरच्या सावलीत चादर टाकून झोपायचे आणि नंबर आला की क्लीनर त्यांना पायानं ढोसायचा. दुसरा काटा बसवावा की नको, यावर साहेबांच्या दोन वर्षं बैठका झाल्या. शेवटी ठरलं, की आधी कॉम्प्युटरवर काटा बसवून बघू. त्यासाठी एनीलॉजिक नावाचं सॉफ्टवेअर आणलं आणि ते शिकायला नानांना तीन दिवस पुण्याला पाठवलं. नाना गेले तेव्हा साधे होते. परत आले ते असे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये, नाना सांगतात, सगळं जग चार चौकोनांत मावतं. पहिल्या चौकोनातून टँकर जन्माला येतो. दुसरा चौकोन रांगेचा. तिसरा कामाचा, म्हणजे काट्याचा. चौथ्यात टँकर अंतर्धान पावतो. पडद्यावर ठिपके पळत असतात आणि आठ तासांची शिफ्ट चहा संपायच्या आत संपते. "आयुष्यसुद्धा एवढंच आहे बघ," नाना म्हणतात. "फक्त दुसऱ्या चौकोनात जरा जास्त वेळ जातो."

रांगेच्या चौकोनावर टिचकी मारली की एक यादी उघडते. रांगेत किती जण मावतील, असं विचारलेलं असतं. आपण काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच शंभर धरतं. त्याखाली लहानशी चौकट : वाट पाहण्याची मुदत संपल्यावर बाहेर पडू द्यायचं का? ही चौकट मुळात रिकामी असते. म्हणजे आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर सॉफ्टवेअरमधला प्राणी रांगेत उभा राहतो तो राहतोच. ना कंटाळतो, ना शिवी देतो, ना पुढच्याला 'जरा माझा नंबर बघा' म्हणून तंबाखू मळायला जातो. प्रलयापर्यंत उभा.

"इतका सोशिक प्राणी मी सरकारी कचेरीतसुद्धा बघितला नव्हता," नाना म्हणतात. "मला त्याची दया आली. मी चौकटीत टिक मारली."

टिक मारली की रांगेच्या चौकोनाला बाजूनं एक जादा दार फुटतं. मुदत संपलेला त्या दारानं बाहेर पडतो. नानांनी मुदत घातली पंचेचाळीस मिनिटं, दाराला शेवटचा चौकोन जोडला आणि शिफ्ट चालवली. रांगेतल्या टँकरांची सरासरी प्रतीक्षा आधी पावणेदोन तास येत होती, ती एकदम अडतीस मिनिटांवर आली. नवा काटा नाही, नवा माणूस नाही, खर्च शून्य. साहेबांनी नानांची पाठ थोपटली. दुपारच्या मीटिंगला बिस्किटांऐवजी वेफर्स आले. तेवढ्यात काट्यावरच्या क्लार्कनं, जो फक्त प्रोजेक्टरची वायर धरायला आत आला होता, विचारलं, "साहेब, सकाळपासून चाळीस टँकर आत आले. काट्यावरनं अठ्ठावीस उतरले. बाकीचे बारा कुठं आहेत?"

बारा टँकर दुसऱ्या दारानं निघून गेले होते. भरलेले. ॲसिडसकट. तारापूर एमआयडीसीच्या इतिहासात इतकी स्वच्छ विल्हेवाट कुणी लावली नसेल.

नाना सांगतात, त्या दिवशी त्यांना रांगेचं गुपित कळलं. मर्यादा घातली की सरासरी आपोआप सुधारते, कारण ज्यांचा सगळ्यात जास्त वेळ जाणार होता तेच मोजणीतून गळतात. रांग सुधारत नाही, साक्षीदार कमी होतात. तेव्हापासून कुणी त्यांना म्हणालं, "आता आमच्याकडे अजिबात गर्दी नसते," की नाना आनंदानं मान डोलवत नाहीत. ते विचारतात, "गेले कुठं?"

हा त्यांचा पेटंट प्रश्न. किराणा दुकानदाराला विचारतात, केशकर्तनालयात विचारतात, शाळेच्या हेडमास्तरांनाही एकदा विचारून झालंय. त्या सॉफ्टवेअरची एक खोड त्यांना फार आवडते. दुसरं दार उघडलं आणि त्याच्यापुढं काहीच जोडलं नाही, तर पहिल्या कंटाळलेल्या जिवाशी मॉडेल अडतं. माणूस वैतागून निघाला, पण तो कुठं निघालाय हे तुम्ही ठरवलंच नाही, तर मी पुढं जाणार नाही, असं यंत्र म्हणतं. "यंत्राला एवढं कळतं," नाना म्हणतात. "आपण 'गेला तर गेला' म्हणतो आणि शटर ओढतो."

नानांच्या खोलीत गणपतीशेजारी ए. के. एर्लांग यांचा फोटो आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या या डॅनिश गणितज्ञानं 1909 साली फोनच्या गर्दीचं गणित मांडलं आणि रांगेचं शास्त्र सुरू झालं. जन्म 1 जानेवारी 1878. नाना दर 1 जानेवारीला फोटोला हार घालतात. गावाला वाटतं नव्या वर्षाची पूजा आहे. आमच्याकडे निम्म्या गावाचा जन्म मास्तरांनी 1 जूनला लावलेला, त्यामुळे खरोखरच महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस कुणाला पटत नाही. एर्लांगनंतर नानांची श्रद्धा अमेरिकेच्या जॉन लिटल यांच्यावर. "नाव लिटल, पण सिद्धता केवढी!" त्यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम नाना एसटीच्या रांगेत शिकवतात : मिनिटाला एक माणूस येत असेल आणि रांगेत सरासरी वीस डोकी दिसत असतील, तर प्रत्येकाच्या नशिबी सरासरी वीस मिनिटं आहेत. घड्याळाची गरज नाही, डोकी मोजा. यामुळे नाना कुठल्याही रांगेकडे नुसतं बघून तुमचं भविष्य सांगू शकतात. आणि ते सांगतातही. कुणी विचारलेलं नसताना.

कॉनी पाम या स्वीडिश अभियंत्यावर मात्र त्यांचा राग आहे. फोनवर ताटकळणाऱ्यांच्या संयमाचं गणित या गृहस्थानं मांडलं. त्याच्या सगळ्यात सोप्या रूपात माणूस विसराळू धरलेला असतो. म्हणजे वीस मिनिटं उभा असलेला आणि आत्ता आलेला, दोघांची पुढच्या मिनिटाला पळून जाण्याची शक्यता सारखीच. "हा माणूस कधी आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभा राहिलेला नाही," नाना म्हणतात. "आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत निघाला तो निघाला. तासभर उभा राहिलेला हलत नाही. हललो तर तास पाण्यात जाईल, या भीतीनं तो दुसरा तास घालवतो. आपल्या माणसाचं सगळं भांडवल रांगेत अडकलेलं असतं." म्हणून त्यांच्या वहीत प्रत्येकाला वेगळी मर्यादा असते. पंचेचाळीस मिनिटांचा एकच आकडा सगळ्यांना लावला, तर पडद्यावर प्रत्येक ठिपका शाळेची घंटा झाल्यासारखा बरोबर पंचेचाळिसाव्या मिनिटाला सुटतो. खरी माणसं अशी सुटत नाहीत. आधी एक चुळबुळतो, मग त्याला बघून दुसरा, आणि एखादी आजी शेवटपर्यंत तशीच, पिशवीवर बसून.

एवढं ज्ञान एका गावात साठून राहिलं की ते बाहेर पडायला वाट शोधतं. पहिली वाट सापडली एका लग्नात. स्वागत समारंभाला नवरा-नवरीला पाकीट द्यायची रांग मांडवाबाहेर गेली होती. नवऱ्याच्या वडलांनी चुकून नानांना विचारलं, "काही करता येईल का?" नानांनी तिथल्या तिथं दहा मिनिटांची मर्यादा जाहीर केली. दहा मिनिटं उभ्या राहिलेल्यानं रांग सोडायची आणि सरळ दुसऱ्या दारानं, म्हणजे जेवणाच्या मांडवात जायचं. रांग बघता बघता ओसरली. नवरा-नवरी खुर्चीवर टेकली. नाना स्टेजखाली हाताची घडी घालून उभे, चेहऱ्यावर एर्लांग. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे वडील दारात. अर्धा गाव जेवून गेला आणि पाकिटं खिशातल्या खिशात घरी परत गेली. त्यानंतर ते गृहस्थ बोलत होते आणि नाना ऐकत होते. शेवटी नाना एवढंच म्हणाले, "माझं चुकलं. दुसऱ्या दाराशी पेटी ठेवायला हवी होती."

दुसरी वाट त्यांनी स्वयंपाकघरात काढली. रिटायर झाल्यावर माणसाला घर दिसायला लागतं, तसं नानांना दिसलं, की त्यांचा चहा रांगेत असतो. आधी नळाचं पाणी, मग पूजेचं, मग मासळीवालीशी बोलणं, मग नातवाची बाटली, मग नाना. त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकीला, सांगितलं, की चहाची कमाल प्रतीक्षा यापुढं सहा मिनिटं. काकी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आणि सहा मिनिटं झाली की?"

"मुदत संपली."

"मग तुम्ही कुठं जाणार?"

इतकी वर्षं नानांनी जगाला विचारलेला प्रश्न त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच विचारला होता. ते गडबडले. "कोपऱ्यावरच्या टपरीवर," ते म्हणाले.

"बरं."

पुढचा एक महिना नाना टपरीवर चहा प्यायले. काकीनं सातव्या मिनिटाला गॅस बंद करायचा नियम पाळला, पण वेळेत सुरू करायचा नियम कधीच पाळला नाही. महिन्याच्या शेवटी टपरीचं बिल तिनं कालनिर्णयला टाचणीनं लावून ठेवलं. नानांनी चौकटीतली टिक काढली. घरातली ती एकच रांग आहे जिच्यात ते आजही प्रलयापर्यंत उभे असतात.

एक बाजू त्यांची खरी आहे आणि ती सांगायला हवी. कुणी म्हणालं, की बँकेत खिडकीशी एका म्हाताऱ्याला पंधरा मिनिटं लागली, त्यालाही मर्यादा घाला, तर नाना उसळतात. "खिडकीशी पोचला की त्याची रांग संपली. पुढं लागतो तो कामाचा वेळ. त्याला मुदत घातली तर डॉक्टर टाके अर्धे घालून पेशंटला घरी पाठवेल. वाट बघण्याला मर्यादा असते रे, माणसाच्या कामाला नसते." म्हाताऱ्याच्या मागे उभे असलेले चिडतात. नाना वहीत म्हाताऱ्यापुढं फुली मारत नाहीत.

त्यांची मोठी मोहीम मात्र बंदराची. सातपाटी म्हणजे सरंग्याचं गाव. मुंबईकर त्याला पापलेट म्हणतात आणि महाराष्ट्र सरकारनं 2023 साली त्याला राज्यमासा केलं. पण सरंग्याचा मान वाढला तरी खाडीतला गाळ कमी झालेला नाही. ओहोटीला पाणी जातं, बोटी चिखलात बसतात, आणि बाहेरून आलेल्या बोटीला आत यायचं तर भरतीची वाट बघत थांबावं लागतं. नानांच्या दृष्टीनं हे म्हणजे साक्षात गेटबाहेरचे टँकर. एका पावसाळ्यात त्यांनी लॅपटॉप उघडून सातपाटीचं बंदर चार चौकोनांत बसवलं. उगमाच्या चौकोनातून बोटी, मग खाडीच्या तोंडाशी रांग, मग धक्का, मग शेवट. भरतीचा दरवाजा दर बारा तास पंचवीस मिनिटांनी उघडणारा. दोन रात्री जागून मॉडेल तयार झालं आणि ते घेऊन नाना थोरल्या भावाकडे गेले. दादा ओटीवर जाळं विणत बसला होता.

"दादा, बोटीनं बाहेर जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं?"

"भरतीपर्यंत."

"तसं नाही. किती तास झाले की बोट कंटाळून निघून जाते?"

दादानं सुई थांबवली. भावाकडे असं बघितलं, जसं लहानपणी वाळूत पडलेल्या बेशुद्ध माशाकडे बघायचा. "निघून कुठं जाते?"

पुन्हा तेच. नानांचा प्रश्न त्यांच्याच अंगावर आला. त्यांनी विषय बदलून पडदा दाखवला. ठिपके येत होते, थांबत होते, दरवाजा उघडला की आत पळत होते. दादानं नाकावर चष्मा ओढून बराच वेळ बघितलं.

"आज कुठली तिथी धरलीय?"

"तिथी?"

"अष्टमीच्या भांगाला तुझ्या सगळ्या बोटी आत गेल्या. अष्टमीला पाणी कुठं असतं एवढं? भरती आली म्हणून काय झालं, भरलेली बोट गाळावरून जायला उधाण लागतं."

मग दादानं आपलं मॉडेल सांगितलं. ते चालवायला वीज लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वेळ निघाली की तिथीवरूनच पाण्याची उंची कळते : पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमी-नवमीला भांग. "तुझा दरवाजा रोज सारखाच उघडतो. आमचा दरवाजा चंद्र उघडतो, आणि तो कधी सताड उघडतो, कधी फटीएवढा."

"पण मर्यादा?" नानांनी चिकाटी सोडली नाही.

"बोटीला कसली मर्यादा? मर्यादा बर्फाला. बर्फ संपला की सरंग्याचा भाव पडतो. बोट थांबते, माणसं थांबतात, मासा थांबत नाही."

नाना ओटीवरच बसले. आतापर्यंत ते रांगेत उभ्या असलेल्याला घड्याळ बांधत होते. दादानं दाखवलं, की घड्याळ त्याच्या टोपलीत असतं. त्यांनी मॉडेलमधून बोटींच्या मर्यादा काढून टाकल्या आणि प्रत्येक बोटीला बर्फ दिला. पडद्यावर ठिपक्यांऐवजी आता बर्फ वितळायला लागला आणि दादाला ते पहिल्यांदाच पटलं. "आता बरं दिसतंय," तो म्हणाला आणि पुन्हा विणायला लागला. जरा वेळानं त्यानं सुईवरून मान न उचलता जोडलं, "1 जून ते 31 जुलै एकसष्ट दिवस आख्खं गाव बोटी ओढून बसतं. कंटाळून कोण जातं रे कुठं? आणि तू आम्हाला पंचेचाळीस मिनिटं शिकवतोस."

नानांनी वहीत लिहिलं : एकसष्ट दिवस. दार नाही. आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "पण दादा, 1 ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम सुटतात. डिझेलला आणि बर्फाला किती रांग लागेल, बघितलंस?" असा हा माणूस. बुडत्याला काडी मिळाली तर ती तो रांगेत उभी करील.

आता परत त्या संध्याकाळकडे. काकीनं आम्हा दोघांना साडेआठच्या आत बोलावलं होतं. दादाच्या बोटीवरून सरंगा आला होता, आणि सरंगा थंड खाणं हा आमच्याकडे माशाचा अपमान समजतात. एसटी काही येत नव्हती. रांगेतली माणसं एकेक करून रिक्षांत चढत होती आणि नाना प्रत्येकाला नोंदवून निरोप देत होते. चौदा मिनिटं संपली. मी हट्टानं तसाच उभा राहिलो. नानांना खोटं पाडायचंच, म्हणून पंधरावं मिनिट काढलं, सोळावं काढलं. सतराव्याला मला सरंगा दिसायला लागला.

"चला नाना, रिक्षानं जाऊ. दोघांचे पैसे मी देतो."

"तू जा."

"अहो, काकी वाट बघतेय."

"सतरा मिनिटं," ते लिहीत म्हणाले. "तीन मिनिटं हट्टाची. ती वेगळी धरावी लागतील."

मी रिक्षात बसलो. शिरगावच्या अलीकडे माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की या माणसाला मी कधी रांग सोडताना बघितलेलंच नाही. बँकेत नाही, दवाखान्यात नाही, लग्नात नाही. जगातल्या प्रत्येकाची मर्यादा ज्याच्या वहीत आहे, तो स्वतः कधीच दुसऱ्या दारानं गेलेला नाही.

सव्वाआठला मी पोचलो. काकीनं पाट मांडले होते. साडेआठला तिनं दाराकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि नानांच्या वाटणीची सरंग्याची तुकडी माझ्या ताटात वाढली. मी अर्धवट नको म्हणालो. सरंग्याला पूर्ण नको म्हणणारा माणूस सातपाटीत जन्मायचाय.

सव्वानवाला नाना आले. घामेजलेले, चेहरा फुललेला. "एसटी आठ अडतीसला लागली," त्यांनी उंबऱ्यातूनच जाहीर केलं. "रांगेत पहिला मी होतो."

"आणि मागे?"

"मागे कोण असणार? सगळे गेले."

"मग तुम्ही का थांबलात एवढा वेळ?"

नाना हात-पाय धुऊन पाटावर बसले. "जो निघून जातो त्याला बस किती वाजता आली हे कधीच कळत नाही. मीसुद्धा गेलो असतो, तर लिहिलं कुणी असतं?"

तेवढ्यात त्यांना आपलं ताट दिसलं. त्यात भात होता, सोलकढी होती आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. तिथं सरंग्याच्या दोन तुकड्यांचे काटे होते, आणि मी त्यातला एक झाकायचा प्रयत्न करत होतो.

घरात शांतता पसरली. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचा संयम सुटणार.

"मुदत कधी संपली?" नानांनी काकीला विचारलं.

"साडेआठ."

"आणि दुसरं दार?"

काकीनं वाटीतली पळी माझ्याकडे रोखली.

नानांनी वही काढली, चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं. मी डोकावून बघितलं : सरंगा, एक तुकडी, आठ तीस, शेजारी. मग टोपण लावून ते बोंबलाच्या चटणीचा पहिला घास घेत म्हणाले, "बघ, आमच्या घरात माल वाया जात नाही. दार बरोबर जोडलंय."

त्या चटणीवर त्यांनी दोनदा भात घेतला.